मामाचं नाव

चिखल तुडवता तुडवता आत्याचा पाय पोटरीपर्यंत रुतला, तरी तोंड काही थांबलं नव्हतं. गोठ्याची मागची भिंत पावसाने पोटातून फुगली होती. ती पाडून नवी घालायचं काम सकाळपासून चाललं होतं. तिचा मुलगा घमेलं घेऊन हाताच्या अंतरावर उभा, आणि ही त्याला हाक मारत होती अशी, की जणू तो तळ्यापलीकडे गुरं राखतोय. हाक पण कशी, तर पुरतं नाव घेऊन, शेवटचं अक्षर चांगलं लांबवून.

"आई, मी इथेच आहे गं," तो म्हणाला. "माती हवी तर माती म्हण. गावाला कशाला आमंत्रण देतेस?"

"माझा गळा, माझा मुलगा. गावाच्या बापाचं काय जातं?"

"माझे कान जातात ना."

आता खरं सांगायचं तर ती हाक त्याच्यासाठी नव्हतीच. गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, बांबूच्या तट्ट्यामागे, आत्याचा धाकटा भाऊ राहत होता. काथ्या वळत बसलेला असायचा. त्याचं आणि या मुलाचं नाव एकच. गावात ते नाव कुणी घेत नसे, मग आपण तरी कशाला घ्यायचं. तिला गाव आत्या म्हणायचं, मुलाला भाचा, आणि तट्ट्यामागच्या माणसाला काहीच म्हणायचं नाही. तो समोरून आला तर माणसं शेतातलं काहीतरी आठवल्यासारखी वाट बदलायची. त्याने स्वतःच बहिणीला सांगितलं होतं, "ताई, मला त्या नावाने हाक मारू नकोस. अंगावर येतं." तिने मारली नाही. पण त्याचं नाव दिवसातून कैकदा, चांगल्या आवाजात, माया लावून त्याच्या कानावर पडत राहील अशी सोय तिने करून ठेवली. मुलाला वाटायचं, आईला मोठ्याने बोलायची खोड आहे.

ती या घरात आली तेव्हा नवरा नुकताच गेला होता आणि मूल पाळण्यातलं होतं. सासरच्यांनी दार लावून घेतलं, तसा भाऊ स्वतः बैलगाडी घेऊन आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. गाडीत बसवताना एवढंच म्हणाला, "घर आहे ना आपलं. रडतेस काय?" पोराचं नाव ठेवायचं राहिलं होतं, तिने भावाचंच ठेवलं. बायका हसल्या, म्हणाल्या, मामा-भाच्याचं एकच नाव कुठे असतं का? ती म्हणाली, "बरं की. एका हाकेत दोघं धावतील."

आणि तेव्हा ते नाव काही साधं नव्हतं. भाऊ तळ्याच्या दाराचा राखणदार होता. तरुणपणी बांधाला भगदाड पडलं, तेव्हा अख्खा दिवस छातीभर पाण्यात उभं राहून त्याने पोती लावली होती. त्या वर्षी गावात जन्मलेल्या निम्म्या मुलांना त्याचं नाव मिळालं. न्हाव्याचा मुलगा, तेल्याचा मुलगा, मास्तरांचा थोरला, सगळे त्याच नावाचे. शाळेत मास्तर हजेरी घेताना दमायचे.

मग तो पावसाळा आला. तळ्याचं दार उघडायची एक रीत होती. आधी लोखंडी रुळाचा तुकडा बडवायचा. तो ऐकला की खालच्या आळीने पोरंबाळं आणि गुरं घेऊन वर यायचं, मग दाराचं चाक फिरवायचं. बापजाद्यांपासून तसंच. त्या सकाळी बांध थरथरत होता. भावाने चाक फिरवलं आणि रूळ बडवलाच नाही. खालची आळी झोपेतून उठत होती. पाणी आलं आणि आळी गेली. ज्यांना पोहता आलं, ज्यांच्या हाताला झाड लागलं, ते वाचले.

साहेब आले, चौकशी झाली. दार उघडलं नसतं तर बांध फुटून सगळं गावच गेलं असतं असं निघालं, आणि त्याला सोडून दिलं. रूळ का बडवला नाहीस, असं सगळ्यांनी विचारलं. साहेबांनी विचारलं, गावाने विचारलं, बहिणीने पाय धरून विचारलं. तो एवढंच म्हणायचा, "माझी चूक झाली." त्याच्या पुढे एक अक्षर नाही. एका महिन्यात न्हाव्याच्या मुलाचं नाव बदललं, तेल्याच्याही. मास्तरांनी आपल्या थोरल्याचं नाव हजेरीत स्वतःच्या हाताने खोडलं. भाऊ घर बहिणीला देऊन गोठ्यात राहायला गेला. नाव टिकलं ते एकट्या भाच्याच्या अंगावर.

त्याला शाळेत पोरं चिडवायची. रडत घरी आला, की आत्या त्याच्या डोक्याला तेल लावता लावता सांगायची, "अरे, या नावाची माणसं कुठे कुठे आहेत, ठाऊक आहे का तुला? एक तर आगबोटीचा कप्तान आहे. सातासमुद्रापार जातो. एक मोठ्या कोर्टात न्यायाधीश आहे. फाशीची शिक्षा द्यायची वेळ आली, तर त्या रात्री जेवत नाही. एक सर्जन आहे, माणसाचं काळीज बाहेर काढून टाके घालतो आणि परत बसवतो. एक बासरी वाजवतो, राजे उठून उभे राहतात. आणि तुला कोण ती शेंबडी पोरं चिडवतात?"

ही माणसं ती गोळा करायची. रस्त्याने जाणारा कुणी परका दिसला की झालंच. सायकलवर कापड विकणारा, विजेच्या खांबावर चढणारा वायरमन, विटांच्या ट्रकचा ड्रायव्हर. ओसरीवर बसवायची, चहा द्यायची, आणि हळूच विचारायची, "तुमच्याकडे या नावाचं कुणी आहे का हो? काय करतो?" ट्रकवाला बेरकी. चहासोबत खाऊ मिळतो हे कळल्यावर दर खेपेला एक नवीन मोठा माणूस घेऊन यायचा. बासरीवाला त्याचाच. एकदा मात्र त्याची जीभ घसरली. म्हणाला, "त्या नावाचा एक दरोडेखोरही आहे बरं का, आत्या. फार गाजलेला." तिने त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि म्हणाली, "ट्रक निघू द्या तुमचा."

यातली अर्धी माणसं थापेतली आहेत हे तिला कळत होतं. ती काही खुळी नव्हती. पण सांगताना ती तोंड मुलाकडे करायची आणि आवाज तट्ट्याकडे सोडायची. कप्तान, न्यायाधीश, सर्जन, सगळ्यांच्या नावाचा उच्चार तिकडे पोचला, की आतला काथ्या थोडा वेळ थांबायचा. तेवढं तिला पुरे होतं.

तर त्या दिवशी चिखलात उभं राहून मुलाने घमेलं खाली ठेवलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "आई, तिच्या घरून निरोप आलाय. मुलगी द्यायला तयार आहेत."

मुलगा गवंडी होता. त्याच्या कामावर रेती वाहायला येणारी एक मुलगी त्याने पसंत केली होती, आणि मुलीनेही त्याला. सगळं गोड होतं. एकच खोट. मुलगी वरच्या वस्तीची, म्हणजे खालच्या आळीतून जे वाचले त्यांची. तिचा आजा आणि छोटा काका त्या सकाळी गेले होते. घरात शब्द चालायचा तो आजीचा.

"मग तोंड का पाडलंस?" आत्या म्हणाली.

"एक अट आहे." तो बोटाचा चिखल खरवडत राहिला. "नाव बदला म्हणतात."

आत्याचे पाय चिखलात थांबले. तट्ट्यामागे काथ्याही थांबला होता, म्हणजे ऐकू गेलंच होतं.

"मी बोलते त्यांच्याशी," ती म्हणाली. "येऊ देत."

आले ते तिघं. मुलीचा बाप, मुलगी आणि आजी. आजी पाठीतून वाकलेली, पण नजर ताठ. ओसरीवर बसली तीच मुळी गोठ्याकडे पाठ करून.

आत्याने चहा दिला, शेळ्यांचं विचारलं, पावसाचं बोलली आणि मग पदर सारखा करून मुद्द्यावर आली. "आजी, नावात काय असतं हो? माणूस बघावा. या नावाची किती मोठी मोठी माणसं आहेत. कप्तान आहे, न्यायाधीश आहे..." आणि तिने सगळे सांगितले. सर्जन, बासरीवाला, शिवाय नुकताच सापडलेला एक पैलवान. मुलाला लाजेने मान वर करवेना.

आजीने मधे तोंड घातलं नाही. शेवटचा पैलवान संपेपर्यंत ऐकलं. मग कप खाली ठेवला.

"असतील बाई," ती म्हणाली. "मी कुठे नाही म्हणते? ती सगळी दुसऱ्या गावची. आमच्या आळीच्या वाट्याला जो आला, तो एकच होता."



"माझं काही या पोराशी वैर नाही," आजी म्हणाली. "हात चांगले आहेत त्याचे, नातीने सांगितलंय. पण उद्या मी हिला भेटायला येणार. कुणीतरी त्या नावाने हाक मारणार आणि हा ओ देणार. ते माझ्या कानांनी ऐकायचं? मी नाही ऐकू शकत. त्याचं नाव दुसरं काहीही ठेवा. आणि त्या नावाने कुणी हाक मारली तर हा ओ देणार नाही, एवढा शब्द द्या."

मुलाने आईकडे पाहिलं. 

"दिला शब्द," मुलगा म्हणाला.

पाहुणे गेल्यावर आत्या तशीच तट्ट्यापाशी गेली. भाऊ पेंढीवर बसला होता. तिला वाटलं, तो काही बोलेल. तो म्हणाला, "बरं झालं ताई. त्याच्या मागची पीडा गेली." आणि काथ्या वळायला लागला. पण पीळ बसत नव्हता. दोन धागे पुन्हा पुन्हा हातातून सुटत होते.

"तुला काहीच वाटत नाही का रे?" तिने विचारलं.

"कसलं?"

तिने सांगितलं नाही. इतकी वर्षं जे झाकून दिलं ते आता उघडं कसं करायचं?

लग्न झालं. सून कामाची निघाली, बोलायलाही गोड. मुलाला नवं नाव मिळालं, तेही चांगलंच होतं. पण आत्याच्या तोंडात ते बसेना. उसनी चप्पल घातल्यासारखं व्हायचं, दोन पावलं टाकली की निसटायची. मग तिने नावच सोडलं. "अरे ए", "ऐकतोस का", "बाळा" असं चालवू लागली. अंगणात हाक म्हणून राहिली नाही. मुलगा एकदा सुनेला हसत म्हणाला, "लग्नाचा हा एक फायदा झाला बघ, आईचा आवाज उतरला." आत्याने ते ऐकलं आणि शेळ्या सोडायला गेली. जाताना डोळे पुसले.

तट्ट्यामागे भाऊ उतरत चालला. ताट निम्मं परत यायला लागलं. काथ्याच्या गुंडाळ्या पडून राहिल्या. दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचा. सून म्हणाली, "मामांना ताप आहे का हो?" आत्या म्हणाली, "नाही गं. त्याला कुणी बोलावत नाही ना." सुनेला काही कळलं नाही, आणि तिने समजावूनही दिलं नाही.

कापणी उरकल्यावर आजी नातीला भेटायला आली. सोबत मुलीचा बाप. दुपारची वेळ, अंगणात ऊन. खाट टाकली, आजी बसली, जावई शेजारी बसला. सून आजीचे पाय दाबत होती. आत्या आत चुलीपाशी. चहाला पाणी कमी पडलं, हात पिठात भरलेले, आणि तिने मागचा पुढचा विचार न करता हाक मारली. तीच जुनी, पुरत्या नावाची, शेवटचं अक्षर लांबवून. आणि नावामागोमाग, "पाणी आण रे."

हाक अंगणात जाऊन पडली. आत्याच्या लक्षात आलं आणि तिचे हात परातीतच राहिले. ती दारात आली. मुलगा मान खाली घालून बसला होता. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. त्याने शब्द दिला होता, तो ओ देत नव्हता. सुनेचे हात आजीच्या पायावर तसेच थांबलेले. आजीचा चेहरा आखडला होता. 

तेवढ्यात गोठ्याकडून आवाज आला. "ओ."

आवाज गंजलेला होता. तट्ट्या सरकला आणि भाऊ बाहेर आला. उन्हाने त्याचे डोळे मिटत होते. त्याने हौदावरची बादली भरली, दोन्ही हातांनी धरली आणि अडखळत चुलीकडे निघाला. खाटेपाशी आल्यावर थांबला आणि खाली बघत म्हणाला, "ताईने मला हाक मारली होती. भाच्याला नाही. त्याचं नाव आता वेगळं आहे."

मुलीचा बाप ताडकन उठला. आजीने हात आडवा केला.

"बस तू," ती आपल्या मुलाला म्हणाली. मग भावाकडे पाहत राहिली. अख्ख्या आयुष्यात ती त्याच्या इतक्या जवळ आली नसेल. "मला एकच विचारायचं होतं," ती म्हणाली. "मरायच्या आधी विचारायचंच होतं. तू रूळ का नाही बडवलास?"

आत्याला वाटलं, आता तो पुन्हा तेच बोलणार. माझी चूक झाली. पण तो बादली खाली ठेवून उभा राहिला. 

"धूर नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"मी बांधावरून खाली पाहिलं. रोज उजाडताना तुमच्या सगळ्या घरांवर धूर असतो. त्या दिवशी एकाही घरावर नव्हता. मला वाटलं, पावसाला भिऊन तुम्ही रात्रीच वर गेलात. आळी रिकामी आहे. बांध हलत होता. मी चाक फिरवलं."

 सुनेने आजीचा हात धरला, तिने सोडवून घेतला.

"लाकडं भिजली होती रे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "एकाही घरात चूल पेटत नव्हती. छपरं गळत होती. माझा धाकटा भूक भूक करत झोपला. सकाळी मी फुंकून फुंकून डोळे लाल केले, पण लाकूड धरेचना. आम्ही सगळे आतच होतो."

भाऊ हळूच खाली बसला.  "मग हे कुणाला सांगितलं का नाहीस?" मुलीचा बाप म्हणाला. त्याच्या रागाला आता कुठे जागाच उरली नव्हती.

"काय सांगू? तुम्ही चूल पेटवली नाही म्हणून मेलात, असं? गेलेल्यांवर ढकलू?"

आत्या दाराला टेकून रडत होती. पिठाचे हात तिने तसेच तोंडाला लावले होते. वीसएक वर्षं तिने आगबोटी आणि कोर्टं धुंडाळून त्या नावाला मोठी माणसं जोडली होती, आणि भाऊ मात्र एवढी एक गोष्ट पोटात घालून तट्ट्यामागे बसून होता.

आजीने चहा घेतला नाही. काठी शोधली, उठली. निघताना आत्यासमोर थांबली. "विहीणबाई, मी काही माफ करायला आलेली नाही. माझ्याच्याने होणार नाही ते. पण याला त्याच्या नावाने हाक मारायची तर मारत जा. याला. माझ्या नातजावयाला नाही."

दुसऱ्या दिवशी आत्याने अंगणात उभं राहून भावाला हाक मारली. मुलाच्या आडून नाही, उघड. तो बाहेर आला. "काय गं?" त्याने विचारलं. काम काहीच नव्हतं. ती म्हणाली, "जेवायला ये." तो घरात येऊन चुलीपाशी जेवला. गावातल्या दोन-चार जणांनी हाक ऐकली आणि माना वळवल्या. बोललं कुणी नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही.

मुलगा त्या रात्री आईजवळ येऊन बसला. "तू एवढी वर्षं मला हाका मारत होतीस..." तो म्हणाला. ती म्हणाली, "झोप जा. सून वाट बघतेय."

भाऊ सावरला असं काही म्हणता येणार नाही. उलट आता तो पहाटे दचकून उठायचा. बाहेर येऊन वरच्या वस्तीच्या छपरांकडे बघत बसायचा. मग त्याने एक काम काढलं. रानात जायचा, वाळलेली लाकडं तोडायचा, उन्हात पसरायचा, उलटीपालटी करायचा. चांगली कडकडीत झाली की मोळी बांधून वरच्या वस्तीवर न्यायचा आणि आजीच्या उंबऱ्याशी ठेवून, न बोलता, मागे फिरायचा. आठवड्याला एक मोळी. आजी दार उघडून आत घ्यायची. तीही बोलायची नाही.

सून माहेरी चार दिवस राहून आली, तेव्हा आत्याने विचारलंच. "मामाने नेलेली लाकडं जळतात का गं तुमच्याकडे?"

"नाही," सून म्हणाली. "आजी एकही जाळू देत नाही. माळ्यावर रचून ठेवते. वर जुनी घोंगडी घालते. मी म्हटलं, आजी, एवढी लाकडं आणि तू शेण्या कशाला थापतेस? तर म्हणाली, ती राहू देत. पावसाळ्याला लागतील."

 आत्या उठून अंगणात गेली आणि भावाला हाक मारली.

"ओ," तो गोठ्यामागून म्हणाला.

"या आठवड्याला दोन मोळ्या बांध," ती म्हणाली. "मी पण येते सोबत."